हॉटेलात गाणी इतकी मोठी की शेजारणीचं बोलणं कळत नाही. तुम्ही काय करता?

डावाकान

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

वय सत्तेचाळीस, राहते नागपुरात, त्रिमूर्तीनगरात, गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात हिशेब बघते. लहानपणी गालफुगी झाली, त्यात उजवा कान पूर्ण गेला. डावा ठणठणीत आहे. फोन, टीव्ही, घरातलं बोलणं सगळं व्यवस्थित ऐकू येतं, त्यामुळे नव्या माणसाला कित्येक महिने पत्ताच लागत नाही की हिचा एक कान बंद आहे. दुकानात बाहेर हातगाड्या, हमालांची आरडाओरड, मागून हॉर्न, तरी माझं काम अडत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, एका वेळी एकच जण बोलतो, आणि बोलायचं काय तेही ठरलेलं: ठाण, मीटर, भाव, उधारी.

अडतं ते भिशीत.

आमची भिशी जुनी आहे. आधी घरोघरी व्हायची, आलूबोंडे आणि चिवडा करून. करोनानंतर "घरी कोण राबणार" म्हणून हॉटेलात सुरू झाली. तेही पटतं मला, माझी पाळी आली की मीच आधी सुटकेचा श्वास टाकते. पण धरमपेठ घ्या, रामदासपेठ घ्या, वर्धा रोड घ्या, जिथे जाऊ तिथे भर दुपारी एक वाजता धाड धाड गाणी. जेवायला आलोय की नाचायला तेच कळत नाही.

लोकांना वाटतं मला आवाज कमी येतो. तसं नाही हो. आवाज भरपूर येतो, त्यातून बोलणं वेगळं काढता येत नाही. गाणं, ताटं, शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस आणि मैत्रिणीचं वाक्य, सगळं एकाच कानात एकाच थरात येऊन पडतं. दोन कान असलेल्यांना मान न वळवता एका माणसाकडे कान लावता येतो म्हणे. मला ते कधी करताच आलं नाही, त्यामुळे ते कसं असतं हेही ठाऊक नाही.

मग मी काय करते? तोंडाकडे बघते, ओठ वाचते, बाकीच्या हसल्या की हसते. मागच्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने भिशीतच सांगितलं की तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मी तिच्या शेजारी बसले होते, उजवीकडे कान करून. म्हणजे न करून. मला ते नंतर तिसऱ्याच बाईकडून कळलं. तोवर ती माझ्यावर रुसून बसली होती, की एवढं सांगितलं आणि हिने साधं विचारलंही नाही. मी समजावलं, तिला पटलंही. पण त्या दुपारी तिला माझी गरज होती आणि मी तिथे पनीर वाढून घेत होते.

वेटरला सांगून बघितलं. तो "हो मॅडम" म्हणून जातो आणि पाण्याचा जग घेऊन येतो. कधी आवाज कमी होतो, पण दाल येईपर्यंत पुन्हा होता तिथेच. मैत्रिणी म्हणतात, "अगं एन्जॉय कर ना." एक म्हणाली, "वय झालं आता आपलं." वय कसलं, मी सातवीत होते तेव्हाही हेच होतं, फक्त तेव्हा पंगतीत स्पीकर नसायचे.

हॉटेलचंच नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाहेर "शांतता क्षेत्र" अशी पाटी, आत वेटिंगमध्ये टीव्हीवर सिरियल जोरात, आणि रिसेप्शनवरची मुलगी त्या सिरियलच्या वर ओरडून नंबर पुकारते. माझा नंबर गेला की मागचा माणूस आत घुसतो. मेट्रोत शेजारी कोणी रील लावून बसलं की सोबतच्याचं बोलणं गेलंच.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक लगेच सुरू होतात. मला शांतता नकोय. मारबतीच्या मिरवणुकीला मी दरवर्षी जाते, गर्दीत उभी राहते, ढोल-ताशे, आरोळ्या, सगळं आवडतं. तिथे कोणाशी बोलायचं नसतं. भिशीत बोलायलाच जातो ना?

तर प्रश्न असा: गोंगाटाच्या जागी तुम्ही कुठे बसता, कोणाला काय सांगता, एखादी वस्तू वापरता का? "जाऊच नका" हे उत्तर नको. ते मला घरूनच मिळतं.

तर्रीपोहे_डेली

इअरप्लग घ्या ताई, मेडिकलमध्ये शे-दीडशेत मिळतात. फोमचे, दाबून घालायचे, कानात गेल्यावर फुगतात. माझ्या घरासमोर लग्नाचं लॉन आहे, तुळशीचं लग्न लागलं की उन्हाळा संपेपर्यंत माझा संसार या इअरप्लगवरच चालू आहे. तुमचं तर जेवणापुरतं आहे, आमच्या तर पलंगाखाली बेस वाजतो.

डावाकान

भाऊ, तुमच्या लॉनचं वाईट वाटतं, खरंच. पण माझ्याकडे कान एकच आहे. त्यातही बोळा घातला तर मी भिशीला फक्त पैसे द्यायला गेले असं होईल.

साउंडवाला_मानेवाडा

ताई, मी साउंडच्या धंद्यात आहो. लॉनवर लग्नाचे सेटअप करतो, हॉटेल-कॅफेत स्पीकर बसवून देतो. म्हणजे तुमच्या भिशीतला अर्धा आरोपी मीच. शिव्या द्या, पण आधी पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट, मालक लोक स्पीकरवर पैसे टाकत नाही. इंटिरिअरवर लाखो, झुंबरावर लाखो, अन् साउंडचं नाव काढलं की "चार लावून द्या ना भाऊ". आता एवढ्या हॉलमध्ये चारच स्पीकर लावून कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत गाणं न्यायचं म्हटलं, तर जो बरोबर स्पीकरखाली बसला त्याची वाट लागणारच ना. तेच दहा-बारा लहान लावले अन् सगळे हळू ठेवले तर हॉलभर सारखं वाजते अन् माणसाला बोलता येते. मी दर वेळी सांगतो. दर वेळी चारच बसतात.

दुसरं म्हणजे ती जागाच आवाज मरू देत नाही. खाली टाइल्स, बाजूला काच, टेबलावर ग्रॅनाइट. आता तर फॉल्स सीलिंग काढून वरचा स्लॅब अन् डक्ट उघडे ठेवायची फॅशन आली आहे. पडदा नाही, गादीची खुर्ची नाही, टेबलावर कापड नाही. तुम्ही बोललेला शब्द काचेवर जाऊन परत येते अन् पुढच्या शब्दावर बसते. जुन्या हॉटेलात जिथे रेक्झिनचे सोफे अन् जाड पडदे आहेत ना, तिथे जाऊन बघा, तोच आवाज असून बोलणं कळते.

तिसरं, आवाज कोणी ठरवून मोठा करत नाही, तो चढत जाते. सकाळी पोट्टे पोछा मारताना आपल्यासाठी जोरात लावतात, दार उघडलं तरी ते तसंच राहते. मग हॉल भरते, लोक मोठ्याने बोलतात, मॅनेजरला गल्ल्यावरून गाणं ऐकू येत नाही, तो वाढवते. मग लोक अजून मोठ्याने. दोन वाजेपर्यंत सगळेच ओरडून राहिले असतात अन् कोणालाच माहीत नसते का ओरडून राहिलो.

आता तुमच्या कामाचं. वेटरला सांगून काही होत नाही, त्याला अँप म्हणजे अँप्लिफायर कुठे आहे हेच माहीत नसते. अन् मॅनेजरला "आवाज कमी करा" म्हटलं तर तो पूर्ण हॉलचा कमी करायला घाबरते, दुसरं गिऱ्हाईक बोंबलेल म्हणून. त्याला असं म्हणा: "आमच्या टेबलावरचा स्पीकर तेवढा कमी होईल का?" बऱ्याच ठिकाणी हॉलच्या प्रत्येक भागाचे स्पीकर, म्हणजे झोन, वेगळे असतात. एक तर गल्ल्याखालच्या अँपवर प्रत्येक झोनचं वेगळं बटण असते, नाहीतर भिंतीवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखा एक गोल नॉब असते, स्विचबोर्डच्या बाजूला. मीच बसवून देतो ते नॉब. सहा महिन्यांनी जाऊन बघतो तर त्याच्यासमोर कुंडी ठेवलेली असते.

बसताना वर बघा. छतात गोल जाळी दिसली की तिच्या बरोबर खाली बसू नका, दोन टेबल सरका. किचनचं दार अन् मिक्सर, ज्यूसर जिथे आहे तो काउंटर, हेही टाळा. तुमचा बंद कान स्पीकरकडे जाऊ द्या, चांगला कान माणसांकडे.

अन् शब्दांचं गाणं बोलण्याला जास्त आडवं येते. बंद करा म्हणायच्या ऐवजी बासरी-सतार काही लावा म्हणा, लवकर ऐकतात.

हिंगण्याचा_वाघ

गणपती जवळ आले की असे धागे बरोबर निघतात. सण आले की लोकांचे कान दुखतात. धुमाल बँड नसेल तर ती मिरवणूक कशाची?

डावाकान

भाऊ, मी भिशी आणि दाल लिहिलंय. मिरवणुकीचं एकच नाव काढलं, मारबतीचं, तेही कौतुकाने. वाचून घ्या ना आधी.

साउंडवाले दादा, तुमचं सगळं लिहिलेलं उतरवून घेतलं. कुंडीमागचा नॉब शोधायचाच आता.

फिजिक्स_निवृत्त

मी बहात्तर वर्षांचा, महाविद्यालयात शिकवत होतो, आता दोन्ही कानांना यंत्रं. साउंडवाल्या मित्राने "आवाज चढत जातो" असं जे लिहिलं आहे, त्याचा एक भाग शास्त्रात जुना आहे. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवलं की गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला अजून लोम्बार परिणामच म्हणतात. "हळू बोला" सांगून तो थांबत नाही, कारण ते आपण ठरवून करत नसतो.

ताई, तुम्ही ज्याला "कान लावता येणं" म्हणता, त्यावर कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग केले होते. एका वेळी दोन माणसं बोलत असताना एकाचंच कसं ऐकू येतं, हा त्यांचा प्रश्न. दोन्ही कानांत आवाज पोहोचण्यात अत्यंत सूक्ष्म फरक असतो, वेळेचाही आणि जोराचाही. मेंदू त्यावरून आवाज कुठून आला ते ठरवतो आणि नको ते मागे टाकतो. शिवाय डोकं मध्ये असल्यामुळे एका कानाला गोंगाट कमी पोहोचतो, आणि मेंदू त्या क्षणी जो कान फायद्याचा त्याचं ऐकतो. तुमच्याकडे हा पर्याय नाही. म्हणून कानाची तपासणी शांत खोलीत केली की तुमचा डावा कान उत्तम निघतो आणि भिशीत तुम्ही एकट्या पडता. दोन्ही खरं आहे. मैत्रिणींना हे एवढं जरी सांगितलं तरी "वय झालं" थांबेल.

आता अंतर. बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. गोंगाट मात्र हॉलभर पसरलेला असल्याने तुम्ही थोडं सरकलात म्हणून बदलत नाही. म्हणजे खुर्ची पुढे ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. लांबलचक टेबल तुमच्यासाठी वाईट. चौघींचं गोल किंवा चौकोनी टेबल मागा. दहा जणींना एकत्रच बसायचं असेल तर उजव्या टोकाची जागा घ्या, म्हणजे सगळ्या जणी तुमच्या डाव्या हाताला येतील आणि बंद कान भिंतीकडे जाईल.

क्रॉस नावाचं यंत्र तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेलच. बंद कानावर माइक, तो आवाज चांगल्या कानावरच्या यंत्राकडे पाठवतो. उजवीकडून कोणी बोललं तर कळतं, गाडीत डावीकडच्या सीटवर बसून चालवणाऱ्याशी बोलता येतं. पण उजवीकडे स्पीकर असेल तर तो गोंगाटही तुमच्या एकुलत्या एक कानात आणून टाकतो. विकत घेण्याआधी ट्रायलला घ्या, आणि ट्रायल त्यांच्या शांत खोलीत संपवू नका. कानात घालून भर दुपारी बर्डीच्या बाजारात फिरा, जेवायला जा, मग ठरवा.

मी स्वतः काय वापरतो ते सांगतो. यंत्राला जोडलेला एक छोटा वायरलेस माइक आहे, तो बोलणाऱ्याच्या शर्टाला लावतो. सूनबाईंना सुरुवातीला संकोच वाटायचा, आता त्या स्वतःच लावून घेतात. फोनवर लाईव्ह ट्रान्सक्राइबही आहे, बोललेलं मराठीत लिहून दाखवतं. घरी चांगलं चालतं. हॉटेलात टेबलाच्या मध्यावर ठेवलं तर गाण्याचे शब्द लिहीत बसतं. फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ गेला तरच उपयोग.

एक कडू माहितीही देऊन ठेवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष मोजतात तो दोन्ही कानांचा. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त तूट असेल तरच त्यात नाव लागतं. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला, असा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालू नका.

सिव्हिललाइन्सकर

वकिली करतो, त्यामुळे दोन वेगळे मुद्दे वेगळे ठेवतो.

तर्रीपोहे, तुमच्या लॉनसाठी कायदा आहे. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नको. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि एखाद्याच्या घरचं लग्न हा काही सार्वजनिक उत्सव नाही. १० वाजून गेले की ११२ ला फोन करा, वेळ आणि लॉनचा पत्ता स्पष्ट सांगा, आणि व्हिडिओ काढून ठेवा ज्यात घड्याळ दिसेल. आपल्याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नॉइज ट्रॅकर नावाचं अ‍ॅप काढलेलं आहे, त्यावर आकडा घेऊन ठेवा. मोबाइलचं मोजमाप कोर्टात शेवटचा शब्द ठरणार नाही, पण नुसतं "खूप आवाज होता" यापेक्षा बरं.

ताईंच्या हॉटेलसाठी यातलं काही कामाचं नाही. नियम बाहेर जाणारा आवाज मोजतात. आत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या ताटाजवळ किती डेसिबल असावेत यावर या नियमांत काही नाही. तिथे नियम दाखवलात तर मॅनेजर हात जोडेल आणि आवाज तेवढाच ठेवेल. ते तोंडी गोड बोलूनच होणार. दवाखान्याच्या बाबतीतही तेच. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, पण आतल्या टीव्हीचा रिमोट रिसेप्शनवरच असतो.

तर्रीपोहे_डेली

११२ ला फोन केला होता साहेब. गाडी आली, आवाज बंद झाला, गाडी गेली, आवाज सुरू झाला. पण घड्याळाचा व्हिडिओ करीन आता.

कॅफेवाली

लक्ष्मीनगरकडे माझा छोटा कॅफे आहे. दुसरी बाजूही सांगते.

गाणी पूर्ण बंद ठेवून बघितली आहेत मी. पाच टेबलांचा हॉल, दोन टेबलं भरलेली, आणि गाणं नाही. एका टेबलावर नवरा-बायको भांडून राहिले, दुसऱ्या टेबलावरचे माना खाली घालून ऐकून राहिले. लोक कुजबुजायला लागतात आणि लवकर उठून जातात. थोडं काहीतरी वाजत असलं की प्रत्येक टेबलाला आपापला आडोसा मिळतो. त्यामुळे गाणी राहणारच. प्रश्न किती, एवढाच आहे. माझा हिशेब साधा आहे: गल्ल्यावरून कोपऱ्यातल्या टेबलाला न ओरडता "अजून काही हवं का?" विचारता आलं पाहिजे. आलं नाही तर कमी करते.

आणि खरं सांगू, दिवसातून जितके लोक "कमी करा" म्हणतात त्याहून जास्त कॉलेजची पोरं "दीदी, थोडं वाढवा ना" म्हणतात. ती रोज येतात. त्यामुळे न बोलणाऱ्यांच्या बाजूने कोणी नसतं. तुम्ही बोलाच.

फक्त कसं बोलता त्यावर बरंच आहे. "केवढा हा गोंगाट, डोकं उठलं" असं कोणी म्हटलं की माझ्यातला मालक जागा होतो. "मला एका कानाने ऐकू येत नाही, मैत्रिणींचं बोलणं कळत नाहीये" असं म्हटलं की मी स्वतः उठून जाते. आणि आल्यावर सांगू नका, टेबल बुक करतानाच फोनवर सांगा. आलेल्या गिऱ्हाइकाला हलवणं कठीण, रिकाम्या हॉलमध्ये कोपरा राखून ठेवणं सोपं. शनिवार-रविवार टाळा. दुपारी साडेबाराच्या आत बसलात तर निम्मं जेवण शांततेत होतं. दोननंतर वाढदिवसवाले येतात, त्या टाळ्या आणि त्या गाण्यावर माझाही इलाज नाही.

दवाखान्यासाठी एक. माझ्या आईला अजिबात ऐकू येत नाही. आम्ही केसपेपरला स्टेपल करून चिठ्ठी देतो: "ऐकू येत नाही, नंबर आला की हाताने बोलवा." आणि आईला रिसेप्शनच्या बरोबर समोर बसवतो. तोंडी सांगितलेलं ती मुलगी विसरते, चिठ्ठी नंबराबरोबर वर येते.

डावाकान

सगळ्यांचे आभार, मग बातमी.

या वेळी बुकिंग मी माझ्याकडे घेतलं. मैत्रिणींना वाटलं हिला उत्साह आलाय. रामदासपेठेतल्या एका हॉटेलात आदल्या दिवशी फोन केला, मॅनेजरला कॅफेवाली ताईंच्या शब्दांत सांगितलं, आणि साडेबाराचं टेबल मागितलं. त्यांनी आत भिंतीला लागून जागा ठेवली. उजव्या टोकाला मी, म्हणजे पलीकडे फक्त भिंत. डोक्यावर बघितलं तर बरोबर गोल जाळी! टेबल सरकवायला जागा नव्हती. मग मी मॅनेजरला विचारलं, एवढ्याच स्पीकरचा नॉब कुठे आहे. तो माझ्याकडे असा बघतो जणू मी इन्कम टॅक्सवाली. स्विचबोर्डजवळ होता, कुंडी नाही, मेन्यूकार्डांचा गठ्ठा टेकवलेला होता त्याच्यावर. त्यानेच फिरवला.

ऐकू किती आलं? टेबलाच्या माझ्याकडच्या अर्ध्यातलं जवळजवळ सगळं. पलीकडच्या टोकाचं नाही, तिथल्या दोघी कशावर एवढ्या खिदळत होत्या ते मला अजून माहीत नाही. लांब टेबलाचं काका म्हणाले ते खरं आहे. पण भिशीची रक्कम दोन हजारांवरून तीन करायची चर्चा निघाली, ती पूर्ण कळली, आणि मी कडाडून विरोध केला. आजवर असे ठराव झाले की मी मान हलवायचे आणि घरी येऊन कळायचं काय ठरलं. हरले ते सोडा, आता महिन्याला तीन हजार. पण बाकीच्या मला म्हणाल्या, "आज ही एवढी का भांडतेय?"

ज्या मैत्रिणीचं वर लिहिलं तिला मुद्दाम डाव्या हाताला बसवलं होतं.

सव्वादोनला केक आला शेजारी. त्यावर कॅफेवाली ताईंचाच इलाज नाही तर माझा कुठून असणार, आम्ही उठलो.

दवाखान्यात चिठ्ठी चालली. मुलीने हात केला आणि टीव्हीचा आवाजही थोडा कमी केला, तो माझ्यासाठी की तिच्या फोनसाठी ते विचारलं नाही. क्रॉसची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे. तिथल्या बाईंना आधीच सांगितलंय की मी ते घालून इतवारीत जाणार आहे.

साउंडवाले दादा, एक राहिलं. दिवाळीत पुण्याला भाचीकडे जायचंय, स्लीपर ट्रॅव्हल्सने, सोबत धाकटी बहीण. मागच्या वेळी पिक्चर लावला होता, रात्री उशिरापर्यंत, आणि बहिणीशी एक वाक्य धड बोलता आलं नाही. जागा कुठली घेऊ?

साउंडवाला_मानेवाडा

हरल्या तरी विरोध केला, हे भारी झालं.

स्लीपरमध्ये टीव्ही पुढे असला तरी आवाज छतातल्या स्पीकरमधून येते, ते मधल्या वाटेवर ओळीने लावलेले असतात. म्हणून वरचा बर्थ घेऊ नका, तिथे स्पीकर कानाशी येते. खालचा घ्या, अन् मधल्या भागात. अगदी मागे घेतला तर पिक्चर कमी अन् इंजिन जास्त. डबल बर्थ मिळाला तर तुम्ही उजव्या अंगाला अन् बहीण डाव्या, आडवं झाल्यावरही हेच. पडदा पूर्ण ओढा, कापडाने थोडं तरी मरते. अन् ड्रायव्हरला नाही, क्लीनरला सांगा, रिमोट त्याच्या खिशात असते. गाडी निघायच्या आधी सांगा, एकदा पिक्चर सुरू झाला की मग पूर्ण बस तुमच्या विरोधात जाते.

डावाकान

खालचा, मधला, उजवा. आत्ताच बघते, दिवाळीच्या आठवड्यातला शिल्लक असेल तर.